खेळयंत्राची भाषा आणि ध्वनीचे भाडे

औंढा नागनाथच्या परिसरात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि ६ एप्रिल २०२३ रोजी पूर्ण मान्यता दिली. या प्रकल्पाचा विषय निघाला की हिंगोली जिल्ह्यात बोलणे वळते ते साहजिकच जमिनीकडे, रस्त्यांकडे आणि २,६०० कोटी रुपयांच्या आकड्याकडे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा काढण्यात आलेल्या, सोयाबीन, कापूस आणि हळद यांवर जगणाऱ्या जिल्ह्यात एवढा मोठा आकडा एरवी ऐकू येत नाही. परंतु या वेधशाळेचे एक अंग असे आहे की, ते माळावर उभे असलेले कोणाला दिसणार नाही, त्यासाठी गुंठाभर जमीनही संपादन करावी लागणार नाही, आणि तरीही जिल्ह्यातील महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना सर्वांत जवळचे तेच ठरावे. ते अंग म्हणजे लहरींचा शोध घेणारी आज्ञावली. ती कोणत्या भाषेत लिहावी आणि तिला कोणाची जोड-अवजारे लावावीत, याचा निर्णय लायगोच्या शास्त्रज्ञांनी ज्या रीतीने केला, ती रीत विज्ञानाइतकीच अर्थशास्त्राचीही आहे. आज गेम तयार करू पाहणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यापुढे नेमका तोच निर्णय उभा असतो.

लायगोच्या नोंदी तपासणाऱ्या प्रमुख आज्ञावलींपैकी एकीचे नाव 'जीएसटी-लाल' असे आहे. नावातील जीएसटीचा वस्तू व सेवा कराशी काडीचाही संबंध नाही, हे व्यापाऱ्यांच्या समाधानासाठी सांगून टाकलेले बरे. ती अक्षरे 'जीस्ट्रीमर' या यंत्रणेवरून आली आहेत. आणि जीस्ट्रीमर ही खगोलशास्त्राची यंत्रणा नव्हेच. संगणकावर गाणी आणि चलच्चित्रे वाजविण्यासाठी १९९९ च्या सुमारास सुरू झालेले ते एक मुक्तस्रोत साधन आहे. म्हणजे तिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुढे देता येते. कृष्णविवरांचा वेध घेणाऱ्या शास्त्रज्ञांनी गाणी वाजविण्याचे साधन का उचलावे, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर लहरींच्या स्वभावात आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी जी पहिली गुरुत्वीय लहर नोंदली गेली तिची कंपनसंख्या सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. या कंपनसंख्या मनुष्याच्या कानाच्या आवाक्यातील आहेत. वेधशाळेतील उपकरण सेकंदाला १६,३८४ नोंदी घेते, तर गाण्याच्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. लहर स्वतः ध्वनी नसते. पण नोंदींचा अखंड प्रवाह घेणे, तो गाळणे, विभागणे आणि पुढे सोडणे, ही कामे ध्वनी-अभियंत्याला नित्याची आहेत. जे काम दुसऱ्यांनी उत्तम करून विनामूल्य मांडून ठेवले आहे ते पुन्हा करण्यात वर्षे का घालवावीत, असा सरळ हिशेब त्यामागे होता.

जीस्ट्रीमरची रचना प्लगइनांची आहे. प्लगइन म्हणजे काय हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये. ट्रॅक्टर एक असतो, आणि त्याच्यामागे कधी नांगर, कधी रोटाव्हेटर, कधी पेरणीयंत्र जोडले जाते. जोडणीचा सांगाडा ठरलेला असल्यामुळे ट्रॅक्टर एका कारखान्याचा आणि अवजार दुसऱ्याचे असले तरी अडत नाही. लायगोच्या मंडळींनी ट्रॅक्टर ध्वनिक्षेत्रातून घेतला आणि मागे लावायची अवजारे स्वतः घडविली. आलेली नोंद संभाव्य लहरींच्या हजारो गणिती नमुन्यांशी ताडून पाहणे हे त्या अवजारांचे काम. या ताडून पाहण्याच्या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुका संस्थेतील डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी यांचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणी आठवत नाही.

भाषेची निवडही पाहण्यासारखी आहे. अहोरात्र चालणारे जड गणित सी भाषेतील प्लगइनांकडे सोपविले गेले, आणि कोणते प्लगइन कोणाला कसे जोडायचे, निकाल कोठे पाठवायचा, ही जुळवाजुळव पायथनमध्ये झाली. सी भाषा यंत्राला सोयीची आणि माणसाला कष्टाची, तर पायथन माणसाला सोपी आणि यंत्राला काहीशी संथ. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर येथे दोन दुर्मिळ साधनांची वाटणी झाली. जेथे यंत्राचा क्षण मोलाचा तेथे सी, आणि जेथे संशोधकाचा दिवस मोलाचा तेथे पायथन. एकाच भाषेत सर्व काही करण्याचा हट्ट कोणी धरला नाही. (नरसीच्या नामदेवांनीही तो धरला नव्हता. त्यांची मराठी अभंगवाणी महाराष्ट्रात राहिली आणि त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात गेली.)

या व्यवस्थेची कसोटी १७ ऑगस्ट २०१७ रोजी लागली. त्या दिवशी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर पृथ्वीवर आली. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथील नोंदीत नेमका त्याच वेळी एक गोंगाटाचा झटका मिसळला होता, त्यामुळे दोन वेधशाळांच्या नोंदी आपोआप जुळल्या नाहीत. तरीही हॅनफर्ड येथील एकट्या नोंदीवरून जीएसटी-लालने सुमारे सहा मिनिटांत संकेत पकडला. तो खरा आहे याची खात्री माणसांनी करून घेतली आणि तासाभराच्या आत जगातील खगोलशास्त्रज्ञांना सूचना गेली. गाणी वाजविण्याच्या साधनावर उभारलेली आज्ञावली अशा वेळी कमी पडली नाही, ही गोष्ट 'फुकटचे ते हलके' या आपल्याकडील रूढ समजुतीला छेद देणारी आहे.

आता वेधशाळेकडून वर्गखोलीकडे वळू. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या उद्योगांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्याआधी ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा आणि इतर खेळांना उत्तेजन देऊ पाहणारा कायदा संमत केला होता. म्हणजे गेम तयार करणे हा आता शासनमान्य उद्योग झाला आहे. अशा धोरणांचा पैसा जिल्ह्यापर्यंत पोहोचतो तेव्हा बहुधा त्याचे रूप प्रयोगशाळा, संगणक आणि परवाने असे असते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या हिंगोली, वसमत, कळमनुरी येथील महाविद्यालयांत उद्या हा विषय शिकविला जाईल, तेव्हा तो कोणत्या साधनावर शिकविला जाईल, हा प्रश्न खरेदी समितीच्या एका बैठकीत निकालात निघण्याजोगा नाही. विद्यार्थ्याची तीन वर्षांची मेहनत त्या साधनात गुंतणार असते.

गेम इंजिन म्हणजे खेळ चालविणारे सर्वसाधारण यंत्र. पडद्यावर चित्र उमटविणे, वस्तूंची टक्कर ओळखणे, बोटाचा स्पर्श टिपणे, आवाज काढणे ही प्रत्येक खेळाला लागणारी कामे ते करते, आणि खेळाचे नियम तेवढे रचनाकाराने लिहायचे असतात. मुक्तस्रोत इंजिनांत सध्या सर्वांत बोलबाला आहे तो 'गोदो'चा. अर्जेंटिनातील ब्वेनोस आइरेस येथील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या दोघांनी ते स्वतःच्या धंद्यासाठी रचले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली सर्वांना खुले केले. नाव बेकेटच्या नाटकावरून घेतलेले आहे. इंजिनात नव्या सोयी हव्यात ही इच्छा कधीच पुरी होत नाही, वाट पाहणे चालूच राहते, असा त्यातील विनोद आहे.

गोदोच्या भाषेचा इतिहास उद्बोधक आहे. इंजिनाचा गाभा सी प्लस प्लसमध्ये आहे. खेळाचे नियम लिहिण्यासाठी मात्र आरंभी लुआ ही भाषा घेतली होती. तिला इंजिनाशी जोडण्यासाठीच इतकी जोडसंहिता लिहावी लागू लागली की, मूळ काम मागे पडले. पायथन बसवून पाहिली, स्क्विरल नावाची भाषाही वापरून पाहिली. कोठे अनेक कामे समांतर चालविण्यात अडचण, कोठे स्मृती मोकळी करताना खेळ क्षणभर अडखळणार, कोठे दिशा आणि अंतरे मोजण्याचे मूळ प्रकारच भाषेत नाहीत. अखेर त्यांनी पायथनसारखी दिसणारी 'जीडीस्क्रिप्ट' ही स्वतःची भाषा रचली. एका इंजिनापुरती नवी भाषा काढणे हा अनेकांना अहंकार वाटला, आणि वरवर पाहता तो आक्षेप खोटाही नाही, कारण या भाषेचे ज्ञान दुसऱ्या धंद्यात थेट उपयोगी पडत नाही. पण तिचा फायदाही तेवढाच ठोस आहे. इंजिन उतरवून घेतले की भाषा, तिचा संपादक आणि तिची मदतपुस्तिका एकत्रच येतात. मंद संगणक आणि तुटक इंटरनेट असलेल्या प्रयोगशाळेत ही बाब क्षुल्लक नसते.

सी शार्पची बाजू वेगळी आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिलेल्या २४,००० डॉलरांच्या देणगीच्या बळावर ती भाषा गोदोत आली आणि जानेवारी २०१८ च्या ३.० आवृत्तीत वापरात आली. कचेऱ्यांच्या संगणकीय कामांत सी शार्प सर्वत्र चालते, म्हणून पुणे-हैदराबादच्या नोकरीकडे डोळा ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने ती निवडली तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु मार्च २०२३ मध्ये गोदोची ४.० आवृत्ती आली तेव्हा सी शार्पमध्ये लिहिलेला खेळ मोबाइल फोनवर नेण्याची सोयच तीत नव्हती. ती प्रायोगिक स्वरूपात नोव्हेंबर २०२३ च्या ४.२ आवृत्तीत आली. ज्या जिल्ह्यात खेळणारा माणूस स्वस्त अँड्रॉइड फोन घेऊन बसलेला आहे, तेथे त्या आठ-नऊ महिन्यांत या निवडीचा अर्थ 'खेळ तयार, पण गिऱ्हाईक नाही' असा झाला असता. तेव्हा भाषेची तुलना करताना तिच्या सौंदर्यापेक्षा माल कोणत्या बाजारापर्यंत पोहोचतो हे आधी पाहिले पाहिजे. आणखी एक प्रयोग याच सुमारास आटोपला. चौकटी आणि रेघा जोडून, काही न लिहिता खेळ रचण्याची 'व्हिज्युअलस्क्रिप्ट' ही सोय ३.० मध्ये मोठ्या आशेने आणली गेली होती. वापरणारेच फार थोडे निघाले, म्हणून ४.० मध्ये ती काढून टाकण्यात आली. नवशिक्याला सोपे काय वाटेल याचा तज्ज्ञांनी बांधलेला अंदाज नवशिक्यांनीच खोटा ठरविला.

जड गणित असेल तर त्यासाठी सी प्लस प्लस किंवा रस्टमध्ये लिहिलेली जोडणी गोदोला लावता येते. म्हणजे नियमांसाठी सोपी भाषा आणि कष्टाच्या कामासाठी कठीण भाषा. लायगोने केलेली वाटणी येथे जशीच्या तशी भेटते. दोन अगदी भिन्न क्षेत्रांतील माणसे एकमेकांना न विचारता एकाच उत्तराशी येतात, तेव्हा त्या उत्तरात काही तथ्य आहे असे मानावयास हरकत नाही.

भाषेची चर्चा इतकी रंगते की ध्वनीकडे कोणाचे लक्षच जात नाही. आणि खरा खर्च, तोही उशिरा कळणारा, तेथेच दडलेला असतो. समजा, वसमतच्या दोन विद्यार्थ्यांनी हळदीच्या हंगामावर एक खेळ रचावयास घेतला. कंद काढणे, शिजविणे, वाळविणे, ढोलात घालून पॉलिश करणे आणि अखेर मोंढ्यातील लिलाव. यात आवाजच आवाज आहेत. भाव चढू लागला की पुकारणाऱ्याचा सूर चढला पाहिजे, वाळत घातलेल्या हळदीवर अवकाळी ढग आले की पार्श्वसंगीत अलगद बदलले पाहिजे. नुसती ध्वनिफीत वाजवून हे साधत नाही. प्रसंगानुसार आवाज जोडणारे, मिसळणारे, बदलणारे साधन लागते. या कामासाठी दोन नामांकित व्यापारी साधने आहेत. एक ऑस्ट्रेलियातील फायरलाइट टेक्नॉलॉजीज या कंपनीचे 'एफमॉड' आणि दुसरे कॅनडातील ऑडिओकायनेटिकचे 'वाइज'. ही दुसरी कंपनी २०१९ मध्ये सोनीने विकत घेतली. दोन्ही साधने उत्तम आहेत, यात वाद नाही. संगीतकाराला आज्ञावलीची एक ओळ न लिहिता स्वतंत्र पडद्यावर बसून सर्व रचना करता येते, ही त्यांची खरी करामत. लहान निर्मात्यांना ती ठराविक मर्यादेपर्यंत विनामूल्यही मिळतात.

अडचण सुरू होते ती पुढे. या साधनांत रचलेला ध्वनिसंच ज्या फायलीत बांधला जातो तिला त्या धंद्यात 'बँक' असेच म्हणतात, आणि या बँकेतील ठेव तिच्याच खिडकीवरून काढावी लागते. मूळ ध्वनिफिती विद्यार्थ्यांच्याच राहतात, पण कोणता आवाज केव्हा, किती, कशात मिसळायचा ही जी खरी मेहनत, ती त्या साधनाबाहेर वाचता येत नाही. विनामूल्य मर्यादा किती असावी, ती उद्या कमी करावी की काय, हे ठरविणारा पक्ष निराळाच. रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे विवेचन केले त्याचे हे आधुनिक रूप नव्हे काय? फरक एवढाच की, जमिनीचा कस निसर्गाने दिलेला असतो आणि येथील कस कुळाने स्वतःच्या घामाने घातलेला असतो.

ही भीती काल्पनिक नाही, हे १२ सप्टेंबर २०२३ रोजी जगाला दिसले. युनिटी या व्यापारी गेम इंजिनाच्या कंपनीने त्या दिवशी जाहीर केले की, १ जानेवारी २०२४ पासून ठराविक मर्यादेपुढे प्रत्येक वेळी खेळ फोनवर उतरविला गेला की त्यामागे २० सेंटपर्यंत शुल्क पडेल. आधी प्रसिद्ध झालेले खेळही त्यातून सुटणार नव्हते. जगभर ओरड झाली. दहा दिवसांत योजना सौम्य करण्यात आली आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, रद्द झाली. ती रद्द झाली म्हणून प्रश्न संपला असे समजणे भाबडेपणाचे होईल. नियम एकतर्फी बदलता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये टंकलेखन यंत्राच्या कळफलकावरून दाखवून दिले होते की, एकदा हाताला वळण पडले की दुसरी मांडणी चांगली असूनही माणसे जागची हलत नाहीत. भाडे वाढविणाऱ्याचा सारा भरवसा त्या वळणावर असतो.

मग मुक्तस्रोताचे काय? तेथे सर्व काही आलबेल आहे असे मुळीच नाही. जीस्ट्रीमरची १.० आवृत्ती सप्टेंबर २०१२ मध्ये आली तेव्हा जुनी प्लगइने नव्याने बेतावी लागली. गोदोच्या ४.० मध्ये बाहेरील जोडण्यांची सारी पद्धतच बदलली, आणि ३.० च्या काळातील जोडण्या निकामी झाल्या. एफमॉडला गोदोशी जोडणारा दुवा उत्साही मंडळींनी आपल्या वेळात लिहिलेला आहे, त्यांचा उत्साह ओसरला तर तो दुवा कोणी सांभाळायचा? खेळांच्या खास यंत्रांसाठी, म्हणजे प्लेस्टेशन व तत्सम पेट्यांसाठी, लागणारी संहिता गुप्ततेच्या करारांमुळे मुक्त इंजिनात ठेवताच येत नाही, ती वेगळी विकत घ्यावी लागते. शिवाय ही सारी घडी देणग्यांवर चालते. युनिटीच्या त्या घोषणेनंतर 'टेरारिया' या लोकप्रिय खेळाच्या निर्मात्यांनी गोदोला एक लाख डॉलर दिले, पण असे दाते रोज भेटत नाहीत. सहकाराशी तुलना करण्याचा मोह येथे होतो. परंतु प्रवरानगरच्या सभासदाला भागभांडवल घालावे लागे, येथे न घालताही साखर मिळते. वापरणारे लाखो आणि देणारे मोजके, या रोगावर अजून औषध सापडलेले नाही.

तरीही एक फरक उरतो, आणि निर्णय त्यावर टेकला पाहिजे. मुक्त साधनाची जुनी आवृत्ती कोणी काढून घेऊ शकत नाही. नवी नको असेल तर जुन्यावर काम चालू ठेवता येते, संहिता हाती असते, दुरुस्ती स्वतः करता येते किंवा करवून घेता येते. साधन घेतेवेळची किंमत सर्वजण विचारतात. सोडतेवेळची किंमत कोणी विचारीत नाही, आणि ही दुसरी किंमत मुक्त साधनांत जवळजवळ नेहमीच कमी असते. जीस्ट्रीमरच्या रचनाकारांनी या बाबतीत मोठा प्रामाणिकपणा दाखविला आहे. त्यांनी आपल्या प्लगइनांचे गट सेर्जिओ लिओने यांच्या प्रसिद्ध चित्रपटाच्या नावावरून पाडले: चांगले, वाईट आणि ओंगळ. चांगल्या गटात दर्जाही ठीक आणि परवानाही निर्वेध. वाईट गटात अद्याप पुरती कसोटी न लागलेले. आणि ओंगळ गटात दर्जा उत्तम, पण वाटप करताना परवान्याची वा पेटंटची कटकट उद्भवू शकेल असे. दर्जा आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या कमी शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल. महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांनी निविदेच्या तक्त्यात 'ओंगळ' असा एक रकाना खुशाल ठेवावा.

हळदीच्या खेळापुरते पाहिले तर उत्तर फारसे अवघडही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या गोदोच्या ४.३ आवृत्तीत प्रसंगानुसार संगीत बदलण्याची, अनेक ध्वनिफिती एका लयीत चालविण्याची सोय इंजिनातच झाली. आवाज निरनिराळ्या वाहिन्यांत विभागून त्यांवर घुमारा, प्रतिध्वनी वगैरे संस्कार करण्याची व्यवस्था त्याआधीपासूनच होती. मोंढ्याच्या लिलावाला एवढे पुष्कळ झाले. बाहेरील ध्वनि-प्लगइन लावायचे तर ते प्रत्येक प्रकारच्या फोनसाठी स्वतंत्र बांधून द्यावे लागते, आणि प्रयोगशाळेतील संगणकावर सुरेल वाजणारा खेळ विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फोनवर मुका होण्याचा संभव असतो. नवशिके आणखी एका ठिकाणी फसतात. संगीत रचण्याच्या साधनांत वापरली जाणारी, स्टाइनबर्गने १९९६ मध्ये प्रचारात आणलेल्या व्हीएसटी पद्धतीची प्लगइने गोदोला जोडता येतील असे त्यांना वाटते. ती संगीतकाराच्या टेबलावरची वस्तू आहे. तिच्यातून तयार झालेली ध्वनिफीत तेवढी खेळात न्यायची असते.

या चर्चेत मराठीचा संबंध कोठे येतो? तो अक्षरश: अक्षरांत येतो. गोदोच्या ३.० मालिकेत देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा नीट जुळविण्याची यंत्रणाच नव्हती, आणि 'हिंगोली' शब्दातील पहिली वेलांटी ह च्या आधी न पडता नंतर पडे. ४.० मध्ये हार्फबझ या मुक्तस्रोत यंत्रणेची मदत घेऊन हा दोष दूर झाला. त्यासाठी मराठी भाषकांनी मोर्चा काढला नव्हता. अरबी, हिब्रू आणि भारतीय लिप्यांची एकच गरज होती, संहिता खुली होती, म्हणून ते काम झाले आणि आपल्याला आयते मिळाले. व्यापारी कंपनीच्या हिशेबात मराठी गेमचा बाजार किती, असा प्रश्न आधी आला असता.

वेधशाळा पुरी होण्यास २०३० च्या आसपासचा काळ सांगितला जातो. पण लायगोच्या आजवरच्या अनेक शोधांच्या नोंदी सर्वांना खुल्या करण्यात आल्या आहेत. त्या १४ सप्टेंबर २०१५ च्या लहरीचे ध्वनिरूपही प्रसिद्ध झालेले आहे. कानाला नीट कळावे म्हणून सूर चढवून केलेले, ओठांवर शीळ यावी न यावी तोच संपून जाणारे. ते डब्ल्यूएव्ही फायलीत घेतले तर गोदो त्याला एकही प्लगइन न लावता वाजवील. औंढ्याच्या वेधशाळेवर एखादा खेळ रचून शाळांतून दाखवावयाचा तर त्या सुरानंतर मुलांना दोन वाक्ये सांगणारा मराठी आवाज मात्र येथेच कोणीतरी ध्वनिमुद्रित करावा लागेल.